हात वर आहे तोवर

उजवा हात खांद्याच्या वर, तळवा उघडा, आणि नजर समोरच्या एकेका चेहऱ्यावरून सावकाश फिरते आहे. "दोन वार" म्हणून झालेलं असायचं, "तीन वार" अजून यायचं असायचं. मधल्या त्या शांततेत ते विचारायचे, "अजून कोण हाय का?"

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहिलेल्यांना हे चित्र लगेच दिसेल. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हळदीच्या ढिगाभोवती व्यापाऱ्यांचा गराडा पडतो, भाव चढत जातो, आणि पुकारणारा माणूस तीनदा पुकारून सौदा पक्का करतो. आमच्या यार्डातले पुकारणारे म्हणजे अण्णा. मी तिथल्याच एका अडत दुकानात हिशेब लिहायचो, म्हणून मला सगळे दिवाणजी म्हणत. बरीच वर्षं माझी दुपार त्यांच्या आवाजानं सुरू होत असे. ते मूळचे पाटणकडचे, कोयनेच्या खोऱ्यातले. या डोंगरावरून त्या डोंगराला हाक घालत वाढलेला गळा होता तो. यार्डाच्या दुसऱ्या टोकाला चहा पिणाऱ्यालाही भाव कळायचा.

पण मला आठवते ती त्यांची ती थांबण्याची जागा. इतर पुकारणारे दोनावरून तीनावर उडी मारत. अण्णा थांबत. एकदा कर्नाटकातून आलेली एक म्हातारी आपल्या ढिगाशेजारी उभी होती. भाव पडला होता आणि तिला मराठी येत नव्हतं. अण्णांनी "दोन वार" म्हणून हात वर नेला आणि तसाच ठेवला. मग तिला समजावं म्हणून तेच कानडीत विचारलं, "इन्नू यारादरू इद्दारा?" कुणी बोलेना. व्यापारी चुळबुळायला लागले.

"अण्णा, हात दुखंल की," एक जण म्हणाला.

"माझा हात हाय. तुमचं काय दुखतंय?"

शेवटी मागून कुणीतरी बोली चढवली. अण्णांनी पुन्हा "एक वार"पासून सुरुवात केली. नियमच तो. मधल्या वेळात एक जरी बोलला, तरी पुकारा पहिल्यापासून.

मी त्यांना म्हणालो होतो, "अण्णा, एवढं ताणू नये. सौदा वेळेत मिटलेला बरा." हिशेबाच्या माणसाला उघडं राहिलेलं काहीच सोसत नाही.

ते म्हणाले, "आवं दिवाणजी, हात वर हाय तवर माल धन्याचा. हात खाली आला, की मग तो देवाचा बी न्हाई."

तेव्हा मी हसलो होतो. त्या शांततेची मला भीती वाटायची, हे मात्र खरं. तेवढ्या वेळात सगळं यार्ड श्वास धरून असायचं, आणि काहीतरी कायमचं होणार आहे असं वाटायचं.

त्यांचा आवाज आधी बसला. सगळे म्हणाले, हळदीची धूळ. मग घोगरा झाला. सगळे म्हणाले, वय. मग मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन झालं. अण्णा परत आले ते गळ्याला पडलेलं भोक पांढऱ्या फडक्याने झाकून. श्वास तिथूनच जायचा-यायचा, आणि त्याची बारीक शीळ वाजायची. त्यांच्या हातात शाळेतल्या पोरांची असते तशी एक पाटी आली. ते यार्डात यायचे बंद झाले. पहिल्या दिवसांत मी घरी गेलो तर पाटीवर एकच वाक्य होतं, आणि ते पुसत नव्हते: "लोक मोठ्यानं बोलाय लागल्यात, जसं काय मी भैराच हाय."

त्यांची एकुलती एक मुलगी बंगलोरला कंप्युटरच्या कंपनीत होती. तिनं सुट्टीत येऊन वडिलांना आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भाभींच्या एसटीडी बूथमध्ये नेलं. भाभींनी नुकताच कंप्युटर घेऊन इंटरनेट सुरू केलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत तेव्हा इंटरनेट म्हणजे फोनच्या तारेतून येणारी किंचाळी, आणि ती संपली की मग हळूहळू उमटणारी अक्षरं. मुलीनं त्यांना एका खेळात बसवलं. चित्रं नाहीत, काही नाही. नुसती अक्षरं. एक जुनं काल्पनिक नगर, बाहेर धुकं आणि जंगल, आणि जगभरातले लोक वेगवेगळी सोंगं घेऊन त्यात वावरणारे. कुणी योद्धा, कुणी जादूगार. खेळ बरीच वर्षं चालत आलेला होता.

"अण्णा, इथं कुणालाच आवाज नाही," मुलगी म्हणाली. "सगळे लिहूनच बोलतात."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

इंग्रजी त्यांना तारेपुरतं येत होतं. पूर्वी परगावच्या पेढ्यांना भाव तारेनं कळवायचे, तेवढं. पण त्या खेळात तेवढं पुरत होतं. अडलं की मी सांगायचो. दुपारी दुकान जेवणासाठी बंद असायचं, तेव्हा मी त्यांच्या शेजारी जाऊन बसू लागलो. सुरुवातीला त्यांना नगराच्या वेशीबाहेर लांडगा खायचा. रोज. त्या खेळात मेलेला माणूस देवळात जागा होतो, फक्त अंगावरचं सामान गेलेलं असतं. अण्णांनी पाटीवर लिहिलं, "सोय चांगली हाय."

भाभी काउंटरवरून विचारायच्या, "काय अण्णा, आज मेले का अजून हाईत?"

अण्णा बोटांनी लांडग्याचे कान करून दाखवायचे. भाभी पदर तोंडाला लावून हसायच्या.

लढाई त्यांना जमली नाही. मग त्यांनी जे जमत होतं ते केलं. लोकांनी जंगलातून आणलेल्या तलवारी, ढाली, औषधी मुळ्या चौकात पडून असत. अण्णा तिथल्या एका पायरीवर उभे राहिले आणि पुकारू लागले. एक वार. दोन वार. अजून कोण हाय का? हे शब्द ते आपल्याच भाषेत, इंग्रजी अक्षरांत लिहीत. आठवडाभरात चौक भरू लागला. अमेरिकेतले, युरोपातले, कुठकुठले लोक "दोन वार" म्हणजे काय ते शिकले. मध्येच कुणी बोललं, की पुन्हा पहिल्यापासून, हेही शिकले. अण्णा "दोन वार" लिहायचे, हात वर केल्याचंही लिहायचे, आणि मग पडद्यावर काहीच उमटायचं नाही. पृथ्वीच्या त्या टोकाचे लोक श्वास धरून बसलेत असं मला वाटायचं. यार्डातली तीच शांतता, तशीच अंगावर येणारी.

खेळाच्या चालकांनी त्यांना नगराचा दवंडीवाला नेमलं. ज्याचा आवाज गेला तो दवंडीवाला. मी हे म्हणालो, तेव्हा ते बिनआवाजाचे इतके हसले की फडकं उडालं.

पावसाळा संपता संपता त्यांच्या श्वासाची शीळ बदलली. आधी सरळ होती, आता मध्येच अडकायची. फडकं दिवसातून पुन्हापुन्हा बदलावं लागे, आणि ते भाभींच्या नजरेआड बदलत. खेळातही ते आपलं सामान वाटू लागले. कंदील एकाला, नगारा दुसऱ्याला. मी विचारलं, "सगळं का देताय?" त्यांनी पाटीवर लिहिलं, "लांडगा परत आलाय. खेळातला न्हवं."

भाभींनी पाटी वाचली. त्या दिवसापासून त्यांनी मेले का हाईत हे विचारणं सोडलं.

दुसरं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते तिनं मला सांगितलं, आणि ते अण्णांना न सांगताच कळलं होतं. त्यांची एकच धडपड होती. त्या खेळाच्या वाढदिवसाला सगळे खेळाडू चौकात जमायचे, आणि ज्याला वाटेल तो पायरीवर चढून बाकीच्यांचे आभार मानायचा. वाढदिवस मिरजेला दाखल होण्याच्या आदल्या दिवशी येत होता. अण्णांना त्या पायरीवर उभं राहायचं होतं. तेवढं झालं की मग काय ते होऊ दे.

त्या दिवशी सकाळपासून फोनला आवाज नव्हता. आभाळ गच्च होतं, वारा पडलेला, आणि कृष्णेकडून घारी खाली खाली येत होत्या. अण्णा काळ्या पडद्यासमोर मांडीवर हात ठेवून बसून होते. शीळ अडकत होती, सुटत होती. भाभी पुन्हापुन्हा रिसीव्हर उचलून कानाला लावत होत्या.

"आज न्हाई लागनार वाटतं, अण्णा. घरी जाता का जरा पडायला?"

अण्णांनी मान हलवली.

दुपारी एकदम तार जिवंत झाली. चौक भरलेला होता. अण्णांची पाळी आली. त्यांनी तारेच्या इंग्रजीत लिहिलं, पण मला ते आठवतं ते त्यांच्याच बोलीत: "माझा आवाज गेला. तुमी ऐकलं. आभार. एक वार."

मग एकेकाचं नाव घेतलं. थंड देशातली एक परिचारिका, रात्रपाळीत खेळणारी. एक मालमोटार चालवणारा. एका बेटावरचा शाळामास्तर. एक जण असा, की ज्यानं स्वतःबद्दल कधी काहीच सांगितलं नव्हतं. त्याला अण्णांनी लिहिलं, "तू काय सांगितलं न्हाईस, तरी रोज आलास."

मग लिहिलं, "दोन वार. अजून कोण हाय का?"

आणि खरोखरचा उजवा हात वर केला. भाभींच्या बूथमध्ये, खुर्चीत बसून, खांद्याच्या वर, तळवा उघडा. पडद्यावर एक अक्षर उमटेना. तिकडे ते सगळे तिसऱ्या पुकाऱ्याची वाट पाहत होते. आभाराच्या मध्ये कोण बोलणार? अण्णांनी हात खाली घेतला नाही.

मला सोसवेना. मी म्हणालो, "अण्णा, तीन वार लिहा. झालं म्हणा."

त्यांनी डाव्या हातानं पाटी ओढली. "हात वर ऱ्हाऊ द्या." मग ते उठले, भाभींना नमस्कार केला, आणि खेळातून बाहेर न पडता तसेच निघून गेले.

मिरजेहून ते परत आले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी मला म्हणाली, "काका, अण्णांचं तेवढं खेळातलं बंद करून टाका. ते अजून तिथं उभे आहेत. मला नाही बघवत." खेळातून नीट बाहेर न पडलेला माणूस तिथं पुतळ्यासारखा उभा राहतो, आणि चालकांनी अण्णांना तसंच उभं ठेवलं होतं. तिनं मला त्यांचा परवलीचा शब्द सांगितला. मी हो म्हणालो. बंद करणं हे माझं कामच होतं.

दुपारी भाभींकडे गेलो. त्यांनी तार जोडून दिली. परवलीचा शब्द टाकला. चौकाचं वर्णन उमटलं आणि शेवटी एक नवी ओळ होती, कुणीतरी मुद्दाम घातलेली: इथे दवंडीवाला उभा आहे. त्याचा हात वर आहे.

लगेच चौकात एकच गलका झाला. हलला. आला. कुठं होतास? त्यांना वाटलं, अण्णाच. ती अक्षरं भराभर वर सरकत होती. मी लिहिलं, मी त्यांचा शेजारी आहे. ते गेले. त्यांनी तुमचे आभार मानले होते, ते पूर्ण करायला आलो आहे.

पडदा थांबला. मी "तीन" लिहिलं. "वार" लिहायचं होतं.

तेवढ्यात त्या परिचारिकेची ओळ आली: मी आहे.

माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. तिनं "अजून कोण हाय का"ला उत्तर दिलं होतं. मग मालमोटारवाल्यानं लिहिलं, मी आहे. मग मास्तरानं. मग त्यानं, ज्यानं कधीच काही सांगितलं नव्हतं. मग माझ्या ओळखीचे नव्हते असे कितीतरी. तारेला झेपेना, ओळी अडकून अडकून येत राहिल्या. मध्येच कुणी बोललं की पुकारा पहिल्यापासून. हे त्यांना कुणी शिकवलं होतं, ते मी पाहिलं होतं.

मी लिहिलेलं "तीन" एकेक अक्षर करून पुसलं. त्या लोकांची खरी नावं मला माहीत नाहीत आणि त्यांना मराठी येत नाही. तरी त्यांचे आभार मी इथे मानतो आहे, कारण मानायची दुसरी जागा मला माहीत नाही.

उठलो तेव्हा भाभी तार काढायला हात घालून उभ्या होत्या.

"झालं का बंद, दिवाणजी?"

"नाही," मी म्हणालो. "बोली चालू आहे."