जपानहून परत आलेली चिक्की

चिंतामणी आगाशे जपानला गेलाच नव्हता, अशी कुजबुज लोणावळ्याच्या बाजारात बरेच दिवस चालली होती. म्हणे बारा दिवस पवना धरणाजवळच्या तिकोणा पेठेत कुणाच्या तरी फार्महाऊसवर दडून बसला आणि बॅगेला विमानाची चिठ्ठी चिकटवून परत आला. कोंडाजी भाजीवाल्यानं तर त्याला पवनेच्या काठी हाफ चड्डीत पाहिलं होतं. आता कोंडाजीला मोतीबिंदूमुळे दोडका आणि पडवळ सारखेच दिसतात, ही गोष्ट वेगळी. बातमी सांगायला डोळे कशाला लागतात? तोंड पुरतं.

पण पुरावा भक्कम होता. चिंतामणीकडे स्वयंपाकाला येणाऱ्या शालूबाईंना त्याच्या कपाटात चिक्कीचे सहा पुडे सापडले. लोणावळ्याचा माणूस चिक्की खात नाही; ती पाहुण्यांनी न्यायची आणि आपण दुकानाची वाट दाखवायची, असा इथला रिवाज. शिवाय हे पुडे चिंतामणीनं जाण्याच्या आदल्या दिवशी भर बाजारात, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात घेतले होते.

"मोरीसानला एक, वहिनींना एक, पोरांना दोन, म्हातारीसाठी तिळाची. आणि एक शेजाऱ्यांना. नाहीतर ते काय म्हणतील?"

जपानमधल्या शेजाऱ्यांची इतकी काळजी करणाऱ्या या गृहस्थाला इथल्या शेजाऱ्यांची नावं नीट ठाऊक नव्हती. लग्न केलं नाही. तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता केस पिकले. तिथेच तीन वर्षांसाठी मोरी नावाचा जपानी इंजिनिअर आला. कॅन्टीनमध्ये तो एकटा जेवायचा, चिंतामणीही एकटा. दोन एकटे एका टेबलावर आले, एवढीच काय ती दोस्ती. पण चिंतामणीनं ती मनावर घेतली. रविवारी मोरीला इंदुरीच्या किल्ल्यावर ने, घरी आणून पिठलं खायला घाल, त्याच्याकडून दहा शब्द शिकून घे. निरोपाच्या दिवशी मोरी कारखान्याच्या फाटकापाशी कमरेत वाकला आणि त्याच्या भाषेत म्हणाला, "जपानला आलात तर जरूर घरी या."

त्यानंतर दोन वर्षं नव्या वर्षाची कार्डं आली, पत्त्यासकट. मग थांबली. चिंतामणी मात्र थांबला नाही. दर रविवारी पुण्याला जपानीचा क्लास, घरी वह्यांवर वह्या. घरात शिरताना जपानी रीतीनं चपला काढून त्यांची तोंडं दाराकडे वळवून ठेवायची सवय लागली. शालूबाई म्हणायच्या, "सवताच्या घरात पावन्यागत चपला ठिवत्यात! कुटं निघालाय जनू." अकरा वर्षं तो गल्लीला एकच सांगत राहिला: माझा एक मित्र आहे जपानला. वाट बघतोय माझी.

निवृत्त झाल्यावर निघाला. मोरीला कळवलं का, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, "कळवून जायला आम्ही काय परके?"

आणि बारा दिवसांनी चिक्की परत आली.

पुडे सापडल्याचं बाजारात सांगून टाकलं ते शालूबाईंनीच. पण लोक फारच हसायला लागले तेव्हा त्यांना वाईट वाटलं. एका सकाळी पोळपाटावर लाटणं आपटून त्या म्हणाल्या, "भाऊ, त्यो कोंडाजी मला इचारतो, तुमचं जपान पवनेच्या अल्याड हाय का पल्याड. दाखवा की त्याला पासपोर्ट! शिक्का आसंल ना त्याच्यावर?"

"आहे."

"मंग? दोन मिन्टात तोंडं बंद व्हतील."

"मग पुढे काय विचारतील, शालूबाई?"

शालूबाईंनी विचार केला. "इचारतील, दोस्त भेटला का. चिक्की का न्हाई दिली."

"चहा टाका," चिंतामणी म्हणाला.

पासपोर्ट टेबलाच्या खणात होता. हात लांब केला असता तर खोटेपणाचा डाग धुतला गेला असता. पण अकरा वर्षं ज्याच्या जोरावर गल्लीतून ताठ मानेनं चाललो, तो मित्रच मग हातातून गेला असता. खोटारडा म्हणवून घेणं त्या मानानं स्वस्त होतं.

झालं होतं एवढंच. पाचव्या दिवशी मोरीच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीत समोर दोन बायका बसल्या होत्या. एकीचं स्टेशन आलं. ती उठली, वाकली आणि म्हणाली, "जरूर घरी या हं." दुसरी म्हणाली, "येते की." कधी, ते हिनं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. चिंतामणीला शब्द न् शब्द कळला, आणि पहिल्यांदाच सूरही कळला. तो सूर त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. लोणावळ्याच्या स्टेशनवर जुनं कुणी भेटलं की तो स्वतः म्हणायचा, "या एकदा सवडीनं!" आणि समोरच्यानं दिवस विचारायच्या आत जिना चढून जायचा. म्हटल्याप्रमाणे कुणी खरंच दारात येऊन उभं राहिलं, तर आपला चेहरा कसा होईल, हे त्याला नेमकं माहीत होतं.

तरी तो पुढे गेला. घर सापडलं. दाराशी मुलांच्या सायकली, पाटीवर मोरीचं नाव.

शालूबाईंनी चहा समोर ठेवला आणि कपाटातला एक पुडा फोडला. चिक्की आपल्या हवेत सादळून चामड्यासारखी झाली होती. "तुटंना की वं," त्या म्हणाल्या. चिंतामणीनं एक तुकडा ओढून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत बसला.

कोंडाजी अजून तेच सांगतो. खरं असं, की चिंतामणी जपानला गेला होता. मोरीच्या दाराशी तो दहा मिनिटं उभा राहिला. आत माणसांचे आवाज येत होते. त्यानं बेल वाजवली नाही.