लेकीची शाल

डांबरगोळ्यांचा वास आला की ती जांभळी शाल आठवते आणि माझं डोकं फिरतं. माझ्या लेकीने जुन्या ग्रीसच्या इतिहासात आयुष्य घातलं, त्यासाठी ती भाषा शिकली, पुस्तक लिहिलं. काळेवाडीतल्या आमच्या सोसायटीने गणपतीत तिचा सत्कार ठेवला. धुपाच्या धुरात चेअरमन माइकवर म्हणाले, "मॅडमच्या वतीने त्यांचे मिस्टर शाल स्वीकारतील. चाकणला मोठ्या कंपनीत मॅनेजर आहेत." जावई हसत उठला. लेक मान खाली घालून टाळ्या वाजवत राहिली. मी स्टेजवर चढले आणि त्याच्या खांद्यावरची, डांबरगोळ्यांचा वास मारणारी शाल ओढून तिच्या अंगावर घातली. "अहो आजी, नवरा-बायको एकच की!" चेअरमन म्हणाले. "एकच ना? मग उद्यापासून तुमच्या खुर्चीत तुमच्या बायकोला बसवा." जावई अजून माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे.