द्यायचं लुगडं

लग्नाचा बस्ता म्हटलं की मला आजही शिसारी येते. लोकांना त्यात हौसमौज दिसते. मला जालन्यातल्या त्या कापड दुकानाची पांढरी गादी दिसते आणि तिच्यावर ऐसपैस मांडी घालून बसलेले आम्ही.

सत्तर सालानंतरची, बायकांत नायलॉनचं वेड आलं त्या दिवसांतली गोष्ट. भावाचं लग्न ठरलं होतं. मी नुकतीच भोकरदनच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि नटण्यामुरडण्याची भारी हौस होती. आई आजारी, म्हणून खरेदीचा कारभार आत्याकडे. वडिलांनी तिच्या हातात ठरावीक रक्कम दिली होती. त्यात सगळा बस्ता बसवायचा होता.

आम्ही टेकतो न टेकतो तोच दुकानदारानं विचारलं, "बाई, नेसायचं दाखवू का द्यायचं?"

हा प्रश्न आमच्याकडे सगळेच दुकानदार विचारत. द्यायचं म्हणजे आहेराचं: विरळ पोताचं, कच्च्या रंगाचं, लांबीला हातभर आणि पन्ह्याला वीतभर कमी. ते कुणी नेसत नसे. घडी न मोडता पुढच्या लग्नात पुढच्या बाईला दिलं जाई. देणारीला हे ठाऊक, घेणारीलाही ठाऊक, आणि तरी दोघी तोंडभरून हसणार. सगळा निर्लज्ज कारभार!

तेवढ्यात मला ती साडी दिसली. मोरपंखी नायलॉन, त्यावर मोठाली फुलं. किंमत ऐकून आत्यानं डोळे वटारले.

"एवढा खर्चा? बिलकुल न्हाई."

मी तोंड फुगवून बसले. पगार घेणारी बाई, आणि लहान पोरीसारखी रुसले. लिहितानाही लाज वाटते.

शेवटी आत्या वैतागली. नवरीच्या आईसाठी, म्हणजे विहीणबाईंसाठी, मानाचं म्हणून आम्ही एक इरकली लुगडं बाजूला काढलं होतं. आत्यानं ते परत सरकवलं आणि आहेराच्या गठ्ठ्यातलं एक ओढलं.

"शेतात राबणारी बाई ती. तिला काय करायचं भारीचं? ती कुठं नेसून राह्यली! देईल कुणाला तरी. मंग तुझी साडी बराबर बसती."

मला सगळं कळलं. मी मोरपंखी साडी पुढ्यात ओढून घेतली. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला.

लग्नाच्या दिवशी मानपान झाला. विहीणबाई लुगडं घेऊन आत गेल्या आणि तेच नेसून मांडवात आल्या. लेकीच्या सासरचा मान घडीत ठेवायचा असतो, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसावं. बाई अंगानं उंच. लुगडं पोटऱ्यांवरच संपत होतं. त्या चालता चालता वाकून ते खाली ओढत होत्या आणि आमच्याकडच्या बायका पदराआड हसत होत्या. आत्यासुद्धा. मला त्या हसण्याची किळस आली, आणि मोरपंखी साडी नेसून मी त्याच बायकांत उभी होते.

विहीणबाई माझ्यापाशी आल्या. माझ्या पदराचं टोक त्यांनी खरखरीत बोटांत धरलं.

"लई छान रंग हाय, ताई. एकाच दुकानातून आणलं व्हय दोन्ही?"

"हो," मी म्हणाले.

"म्हंजी आम्हाला बी घरचंच मानलं तुम्ही," असं म्हणून त्यांनी माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली.