वाल्पाराइसोची लोकरीची गादी

मलकापूर सोडल्यावर, विमानं बदलत, तिसऱ्या दिवशी चिली देशातलं वाल्पाराइसो बंदर दिसलं. समुद्रापर्यंत उतरत आलेले डोंगर आणि त्यांच्या अंगावर रंगीत पत्र्यांची घरं. आमचा सलीम तिथं क्रेन चालवतो आणि जुन्या वस्तीत, सेन्योरा (बाईसाहेब) रोसा यांच्या माडीवर राहतो. मी पिंजारी, गाद्या भरणारा. सलीम माझा एकुलता एक मुलगा. खरं सांगतो, मी फिरायला नव्हे, त्याला घरी आणायला गेलो होतो.

पाच वर्षांपूर्वी मीच त्याला जा म्हणालो होतो. बीटी बियाणं आलं आणि आमच्याकडची गावठी कपाशी गेली. गावठी कापूस आखूड, राठ, पण गादीत वर्षानुवर्षं फुललेला राहायचा. हा लांब धाग्याचा कापूस सहा महिन्यांत चपातीसारखा बसतो, आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं पिंजाऱ्याला!

पहिल्याच दिवशी आसेन्सोरमध्ये (दोरानं डोंगर चढणारा डबा) डोळे मिटून कलमा पढलो. शेजारच्या म्हाताऱ्या हसल्या. जेवायला तळलेली मासळी आणि पाव. मासळी ताजी होती, पण ठेच्यावाचून घास उतरेना.

चौथ्या दिवशी रोसाबाईंनी अंगणात एक जुनी गादी उसवली. आत लोकर! ती धुवायची, उन्हात वाळवायची, हातानं मोकळी करून पुन्हा भरायची, अशी तिथली जुनी रीत. मला राहवतंय कुठं? लोकर वाळली तशी मांडी घालून बसलो. सलीम लांब सुई घेऊन समोर बसला. टाका घालून दोरा आवळायची त्याची ढब अगदी माझी.

"बेटा, घरी चाल. तुही अम्मी वाट पाहून राह्यली."

त्यानं टाका पुरा केला. "अब्बा, पह्यले दोन वर्सं मी हेच ऐकाची वाट पाह्यली. तुम्ही फोनवर नुसतं काम कसं चालू आहे, तेच इचारलं."

"मंग आता बोलावतो ना."

"आता माह्यं लगन ठरलं, अब्बा. रोसाबाईच्या भाचीसंगं. तुम्हाले कसं सांगू, समजत नव्हतं." त्यानं मान खाली घातली. "हे गादी आमचीच होय."

मी लोकर हातात घेतली. चारी कोपरे दाबून दाबून भरले. कोपऱ्यात हयगय झाली की गादी लवकर बसते.

जग पाहून माणूस शहाणा होतो म्हणतात. मी झालो, पण त्याचा उपयोग काय? परतलो तेव्हा मलकापूर स्टेशनावर हसीना, माझी बायको, माझ्यामागं उतरणाऱ्या माणसांकडं बघत होती.

"बोलावलं का त्याले?"

"बोलावलं."

"मंग?"

"उशिरा बोलावलं."