तपासणाऱ्याची सही

एसी बसवायला माणूस मिळतो, हे खडकीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझे शेजारी भीमराव ओव्हाळ यांनाही ठाऊक होतं. गळती तपासणार का, असं त्यांनी आलेल्या माणसाला विचारलं. "काका, गार हवा आली की झालं," तो म्हणाला. भीमरावांनी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. दारूगोळ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला "झालं" हा शब्द सोसत नाही.

एसी त्यांच्या पत्नीसाठी, चंद्रभागाबाईंसाठी होता. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, बोलणं अडखळलं. उकाडा टाळा, असं डॉक्टर म्हणाले. पण बाई खऱ्या मोडल्या त्या बँकेत. डाव्या हाताची सही जुन्या नमुन्याशी जुळेना, म्हणून कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला. एकतीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलेल्या बाई. त्यांच्या आईचा जन्म अंगठा उठवण्यात गेला. त्या घरात सही करणारी पहिली बाई ही. त्या दिवसापासून त्यांनी पेन हातात धरलं नाही. नुसत्या खुर्चीत बसून राहायच्या. मला ते बघवत नसे, म्हणून मी जाणंच कमी केलं. हे काही मला शोभलं नाही.

भीमरावांनी दोन दिवसांत एसी भिंतीवर चढवला. शिडी मी धरली; कौतुक कुणी केलं नाही. शनिवारी सकाळी आठला त्यांनी गळती तपासायला तांब्याच्या पाइपांत दाबाखाली नायट्रोजन भरला आणि दाबमापकाचा काटा होता तिथे पेन्सिलीने खूण केली. भर दुपारी पाहिलं, तर काटा खुणेवरच.

"पास," मी म्हणालो.

"ज्याने बसवलं त्याने पास करायचं नसतं. कारखान्याचा नियम आहे."

"मग मी करतो."

"तुम्ही शिडी धरली होती."

त्यांनी वाटीत साबणाचा फेस केला आणि आपल्या दाढीच्या ब्रशासकट ती वाटी बाईंसमोर ठेवली. "तपासणी तुझी."

"मला... खेळवू नका," बाई म्हणाल्या.

"खेळायला वेळ नाही. चार जोड आहेत."

मला त्यांचा रागच आला. आजारी बाईला भर उन्हात गॅलरीत उभं करतात! बाईंनी डाव्या हाताने एकेका जोडाला फेस लावला आणि वाट पाहिली. इतकी, की मी दोनदा घड्याळ पाहिलं. तिसऱ्या जोडावर मोहरीएवढा फुगा आला, फुटला, पुन्हा आला.

"गळतंय."

"काटा हललेला नाही," भीमराव म्हणाले.

"अहो, सकाळी गार... होतं. आता ऊन. ऊन लागलं की दाब वाढतो. काटा वर... जायला हवा होता. तिथंच आहे, म्हणजे वायू गेला."

भीमराव काट्याकडे बघत राहिले. त्यांना ते खरंच सुचलं नव्हतं. सोंग आणणाऱ्यातले ते नव्हेत. त्यांना साधं फोटोसाठी हसता येत नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नामंजूर." आणि तिसऱ्या जोडाच्या पाइपाचं तोंड कापून, ते घट्ट बसावं म्हणून नव्याने फुलवायला बसले.

रविवारी सकाळी आठला भीमरावांनी पुन्हा नायट्रोजन भरून खूण केली, तेव्हा बाई कुणी न बोलावता गॅलरीत हजर. दुपारी काटा खुणेच्या वर गेला, फेसावर फुगा नाही. भीमरावांनी नायट्रोजन सोडून दिला, पंपाने पाइप रिकामे केले, गॅस खुला केला. मी रिमोट उचलला. तो त्यांनी माझ्या हातून काढून घेतला आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचं एक कार्ड बाईंपुढे धरलं. काम करणारा: भी. स. ओव्हाळ. तपासणारा: रिकामं.

बाईंनी अंगठा पुढे केला.

"अंगठा चालत नाही," भीमराव म्हणाले. "तपासणाऱ्याची सही लागते."

बाहेर चाळीस अंश, एसी बंद, आणि आम्ही तिघं घामाने निथळतोय. बाईंनी पेन घेतलं. चार मिनिटं लागली. माझे डोळे भरले होते ते घामाने नव्हे.

बाईंनी कार्ड लांब धरून पाहिलं. "च... वाकडा आलाय."

"गळत नाही ना? मग पास."

सोमवारी बाई बँकेत गेल्या. कारकुनाने पॅड पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि नमुन्याची सही बदलायचा अर्ज मागितला.