दाजींची गोळ्यांची मशिनं

ज्याच्या तोंडातून 'नाही' हा शब्द निघतच नाही असा माणूस सगळ्या परंडा तालुक्यात एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या आतेबहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, पदरात पडला. आमचे हे दाजी. एकाच मुहूर्ताला तीन घरची लग्नं असली तर दाजी तिन्ही मांडवांत अक्षता टाकणार, तिन्ही पंगतींना बसणार, आणि मग दोन दिवस ओव्याच्या पाण्यावर काढणार. एकदा ते सकाळी पेपर आणायला बसस्टँडवर गेले होते. कुर्डुवाडीची गाडी सुटत होती, आणि ओळखीच्या कंडक्टरनं दारातून सहज विचारलं, येणार का म्हणून. इतक्या आपुलकीनं विचारणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दाजी चढले. संध्याकाळी कुर्डुवाडीहून परत आले तेव्हा काखेत तोच पेपर होता, छोट्या जाहिरातींसकट वाचून झालेला. मी हसलो तर म्हणाले, "पाव्हणं, त्याचं मन मोडलं आसतं."

अशा माणसाला वडिलांनी किराणा दुकान ठेवून जावं, याला नशीब म्हणायचं की थट्टा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दाजींच्या दुकानात माल घ्यायला येणाऱ्यांपेक्षा माल खपवायला येणाऱ्यांचीच वर्दळ जास्त. कुठल्याही कंपनीचा माणूस बॅग घेऊन दारात उभा राहिला की दाजी त्याला आधी पाणी, मग चहा आणि शेवटी ऑर्डर देत. शेवटी शेवटी दुकानात धुण्याच्या पावडरीच्या नऊ जाती होत्या आणि साखर नव्हती. "ह्यांच्या दुकानावर माणूस उपाशी मरंल," आक्का म्हणायची, "पर कापडं पांढरी करून मरंल." दुकान बंद झालं त्या दिवशी दाजी शटरला हात टेकून बराच वेळ उभे होते. पण चेहऱ्यावर, खोटं कशाला बोला, थोडी सुटकाही होती.

मग पुण्याला कुणाच्यातरी साखरपुड्याला गेले असताना एका मोठ्या दुकानाच्या दारात त्यांनी ते मशिन पाहिलं. लोखंडी खांब, त्यावर काचेचा गोल हंडा, हंड्यात रंगीत गोळ्या. नाणं घालून मूठ पिळली की खालच्या झाकणातून चार गोळ्या हातात. दाजी साखरपुडा विसरून तिथंच उभे राहिले. एक पोरगी मशिनला मिठी मारून रडत होती, तिची आई सुट्टे नाहीत म्हणत होती, येणारेजाणारे हळहळत होते. मशिन मात्र ढिम्म. ते सांगताना दाजींच्या आवाजात एखाद्या साधुपुरुषाबद्दल बोलावं तसा भाव यायचा. "येक गोळी सुटली न्हाय हो त्यातनं. मशिनला भीड नसती, पाव्हणं. मला आसाच भागीदार पायजे हुता."

त्यानंतर ते महिनाभर मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी माणसाचे व्हिडिओ बघत होते. त्या माणसाचं सगळं घर म्हणे अशा मशिनांवर चालायचं. इंग्रजी दाजींना कळत नव्हतं, पण तो सारखा हसायचा, त्यावरून धंदा बरा असणार हे त्यांनी ताडलं. आम्ही नात्यातल्या सगळ्यांनी समजावून पाहिलं, की जोडधंदा म्हणून करा, पोट त्यावर टाकू नका. दाजींनी शांतपणे विचारलं, जोडायला आधीचा धंदा कुठं आहे? दुकानाची कपाटं आणि वजनकाटा गेला, आणि पुण्याहून टेम्पोतून जुनी मशिनं आली.

आता ती ठेवायची म्हणजे लोकांकडे जागा मागायची. ते दाजींना जमणार नव्हतं. म्हणून आक्का मोटारसायकलवर मागं बसायची. दाजी गाडी बाजूला लावून आकाशाकडे बघत उभे राहायचे आणि आक्का आत जाऊन बोलणी करायची, की कोपऱ्यातली हातभर जागा द्या, गल्ल्यातला वाटा घ्या. पहिलं मशिन माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसलं. मग स्टँडजवळच्या सलूनमध्ये, ईट गावच्या अण्णांच्या भज्याच्या हॉटेलात, आणखी कुठं कुठं. भूमच्या दातांच्या डॉक्टरांनी तर ऐकल्याबरोबर जागा दिली, आणि तीही अगदी दर्शनी.

सांगायला नवल वाटतं, पण धंदा चालला. चांगली काही वर्षं चालला. ज्याला आम्ही खूळ म्हणत होतो त्यावर घराचा किराणा, लाईटबिल, मुलीचं कॉलेज, सगळं निघत होतं. दाजी त्या मशिनांना जीव लावायचे. काच पुसायला त्यांच्याकडे वेगळा मलमलचा रुमाल होता, त्याला नाक पुसायची कुणाची छाती नव्हती. प्रत्येक पोत्यातली एक गोळी आधी स्वतः चघळायची आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. मे महिन्यात आपल्याकडं माणसं वितळतात तिथं गोळ्यांचं काय, म्हणून ते काचेभोवती ओलं गोणपाट गुंडाळायचे आणि रस्त्यावरून जाणारे लोक पाण्याचा माठ समजून पेला शोधायचे.

पण गंमत अशी, की मशिनला भीड नसली तरी दाजींची भीड गेली नव्हती. ती आता मोटारसायकलवरून फिरू लागली. ईटच्या अण्णांनी सांगावं, एवढी औषधाची चिठ्ठी भूमला दाखवा. सलूनवाल्यानं म्हणावं, बहिणीकडं हा डबा द्या. कुणाचं ब्लाऊज शिंप्याकडं, कुणाच्या पोराचा फोटो मुलीवाल्यांकडं. गोळ्यांच्या खोक्यातून त्यांनी एकदा अंड्यावर बसवायची कोंबडी ईटहून परंड्याला आणली. ती वाटभर दाजींशी बोलत होती म्हणे आणि दाजीही तिला मधूनमधून होकार देत होते. मशिनं भरायची फेरी दुपारपर्यंत संपायची, ती दिवस मावळला तरी संपेना. दुकानात खाली मान घालून बसणारा हा माणूस आता गावोगावच्या लोकांची दुखणी, सोयरिकी, भांडणं पोटात घेऊन हिंडत होता. माझ्या दुकानात मशिन भरताना ते इतकं बोलायचे की माझी गिऱ्हाइकं कागद घ्यायचं विसरायची. मी त्यांना तेवढं सुखी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

धंदा बसला तो कुणी वाईट वागलं म्हणून नाही. लोकांच्या खिशातली नाणीच गेली. माझ्या काउंटरवर चौकटीतला तो काळापांढरा ठिपक्यांचा कागद चिकटला, आणि दोन रुपयांच्या झेरॉक्सलाही लोक मोबाईल काढू लागले. मशिनसमोर माणसं यायची, खिसे चाचपायची आणि पुढं जायची. एका म्हाताऱ्यानं तर मोबाईल थेट काचेवर धरला आणि गोळ्या पडायची वाट बघत उभा राहिला. दाजींनी त्याला मशिन तसलं नाही हे समजावून सांगितलं, आणि वर त्याचीच माफी मागितली. इकडं सलूनवाल्यानं मशिन जरा बाजूला घेऊ का विचारलं. मग दाराआड, मग बाहेर पत्र्याखाली. दाजी प्रत्येक वेळी, घ्या की, म्हणत राहिले.

मोबाईलवर पैसे घेणारी नवी मशिनं सोलापूरला मिळतात असं कळलं. दाजी जाऊन बघून आले. किंमत ऐकून आले ते दोन दिवस फेरीलाही गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा आक्कानं आतून रुमालात बांधलेल्या पाटल्या आणून त्यांच्यापुढं ठेवल्या. म्हणाली, ह्या घ्या आणि नवी आणा, धंदा तुम्हाला कळलाय आता. दाजींनी रुमालाला हातसुद्धा लावला नाही.

"न्हाय," ते म्हणाले.

मी चमकलो. आक्का तर बघतच राहिली. मग तिनं पुन्हा समजावलं, की कपाटात पडून काय उपयोग, चालला धंदा तर पुन्हा करू.

"न्हाय म्हणलं ना. त्या तुज्या आईच्या हायेत." एवढं बोलून ते चपला घालून बाहेर पडले.

त्या वेळी आम्हा सगळ्यांना दाजींचा अभिमान वाटला होता. मीही आक्काला म्हटलं, की शहाणपणाचं केलं त्यांनी. वर्षभरात बार्शीकडच्या कुणीतरी तसलीच नवी मशिनं आणून आपल्या स्टँडवर आणि दवाखान्यांत लावली, आणि ती आजही चालताहेत. आक्का त्यांच्यापुढून जाताना मान वळवून घेते. एकदाच ती माझ्याजवळ बोलली. "जलमात येकदा न्हाय म्हणला ह्यो माणूस. अन् ते बी नगं तिथं. माज्यापायी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

जुनी मशिनं आता त्यांच्या परसात भिंतीला लागून उभी आहेत. एका हंड्यात आक्का लसूण ठेवते. दाजी पेंडीच्या गोदामात कामाला लागले आहेत. पगार वेळेवर होतो, सहाला घरी येतात, जेवतात, टीव्ही लावतात. त्यांच्याबद्दल आता हसून सांगावं असं काही घडत नाही.

मध्यंतरी माझं ईटला जाणं झालं. अण्णांच्या हॉटेलात बसलो तर त्यांनी मला ओळखलं, भजी पुढं केली आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. दाजींची चौकशी केली. "मशिन गेलं तर गेलं," म्हणाले. "त्यानला म्हणावं, नुसतं येऊन जावा. लई दिस झाले."

परत आल्यावर मी दाजींना तसं सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. अण्णांचा गुडघा आता कसा आहे, विचारलं. धाकट्या सुनेचं माहेराशी मिटलं का? त्यांचा भाऊ वाटणीचं बोलायला येणार होता, तो आला का? मागच्या शेडवर पत्रा पडला का? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी भजी खाऊन, चहा पिऊन आलो होतो.

मी म्हटलं, तुम्हीच जाऊन या की रविवारी. तर म्हणाले, काही काम नसताना कसं जायचं, लोक विचारतील काय काढलं. भेटायला आलो म्हणा, मी म्हटलं. भेटायला म्हणून आपण कुणाकडं गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मग मीच म्हटलं, बरं, पुढच्या खेपेला मी सगळं नीट विचारून येतो.

"आसू द्या, पाव्हणं," दाजी म्हणाले. "तुमी इचारलं तर त्यानला वाटंल, मी येणार हाय."