म्हातारी कापायची राहिली

शहापूर ठाण्यातली ती घटना आठवली, की आजही माझा हात आधी मिशीकडे जातो. शाबूत आहे ना, ते बघायला. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचे दिवस. मी नवा फौजदार. आपल्या हातून एखादा खून उघडकीस यावा, एवढाच ध्यास. अशा माणसाला खून सापडतोच.

एके सकाळी बाजारातल्या चहावाल्याने खबर आणली. सापगावचा एक तरुण दुकानात बसून सोबत्याला सांगत होता, "म्हातारी आज कापायचीच. रात्रभर उभी ठेवली, तं मी मेलो."

आमचे हवालदार म्हणाले, आधी जरा चौकशी करू. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते टोपी घालून निमूट निघाले. सापगावात तो तरुण आणि त्याची म्हातारी आत्या, दोघंच राहत. घराला कुलूप. आत्या कालपासून शेजाऱ्यांच्या नजरेस पडली नव्हती. पडवीत विळा सापडला. त्याला गवताचा हिरवा डाग होता, तरी दोन पंच बोलावून मी तो जप्त केला. तरुण आसनगाव स्टेशनच्या वाटेवर घाईघाईने चालताना मिळाला. म्हणजे पळत होता. मी लगेच शिपाई पिटाळून जिल्ह्याच्या साहेबांना तार केली: वृद्धेचा खून, आरोपी ताब्यात.

मग त्याला समोर बसवला.

"म्हातारी कुठाय?"

"मुंबईत."

"जिवंत आहे?"

"सकाळी बरी व्हती. आता काय झालं असंल, ते तारेबिगर कसं कळनार?"

"साथीदार कोण?"

"एक दलाल हाय, साहेब."

दलालामार्फत खून! मी टाक शाईत बुडवला. हवालदार खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते, ते मला खोकल्याने वाटले. पोरगा हात जोडून म्हणाला, "बाजार बंद व्हायच्या आत सोडा. म्हातारी कापायची राहिली." मी ते जबाबात शब्दशः उतरवलं. गुन्हा पुरा करायला फौजदाराकडे सुट्टी मागणारा आरोपी मला तरी पहिल्यांदाच भेटत होता.

तेवढ्यात दारात एक बाई टोपली घेऊन उभी राहिली. काल धसईच्या बाजाराला गेलेली, मुरबाडला मोटार चुकली म्हणून भाचीकडे राहिलेली, आणि गावात परतताच भाच्याला धरल्याचं ऐकून आलेली, हीच ती आत्या. तिचा खून झाल्याचं मी तिला जमेल तेवढ्या सौम्यपणे सांगितलं. तिने टोपली खाली ठेवून भाच्याकडे पाहिलं.

"यानं मला कापली? साहेब, या पोराला कोंबडी कापाया सांगितली तं डोळे मिटतो."

मग सगळा उलगडा झाला. मुंबईतल्या एका जुन्या गिरणीच्या शेअरला दलाल लोक 'म्हातारी' म्हणत. पोरगा सकाळी तारेने शेअर घ्यायचा, दुपारी तारेने विकायचा. घेतलेला सौदा न विकता राहिला, की तो 'उभा'; विकून मोकळं होणं म्हणजे 'कापणं'. गावात भात भरडायचं यंत्र आणायचं त्याच्या मनात होतं, आणि त्यासाठी साठवलेल्यातलं थोडंसं म्हातारीवर लागलेलं होतं. रात्रभर उभी राहून उद्या ती कोसळली, तर तोटा भरता भरता यंत्र गेलं.

मी घड्याळ पाहिलं आणि आसनगाव स्टेशनच्या तारघराकडे जायला ठाण्याची सायकल काढली. पुढे गणवेशातला फौजदार, मागे कॅरिअरवर त्याचाच आरोपी. वाटेत धापा टाकत मी विचारलं, ही विद्या शिकलास कुठे? म्हणाला, आधी किती दिवस नुसता भाव बघितला, पैसा लावला नाय. मग अगदी थोडा लावला. अंदाज चुकतोच साहेब, पण चुकलेला सौदा उद्या सुधारंल म्हणून उभा ठेवायचा नाय.

तारबाबूंनी त्याचा कागद वाचला, 'म्हातारी कापा', आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझी सकाळची तार त्यांच्याच हातून गेली होती.

"म्हणजे खून अजून व्हायचाय का, साहेब?"

मी दुसरा कोरा कागद मागितला. क्षणभर वाटलं, उद्या सकाळी कळवू, काहीतरी सावरून. मग लिहिलं: खून नाही. चूक माझी.

पोरगा शेजारून वाचत होता. "तुमी पन उभी ठेवली नाय," म्हणाला.

त्याच्या दलालाचं उत्तर आलं: सौदा वेळेत कापला, किरकोळ तोटा. माझ्यामुळे उशीर झाला म्हणून मला ओशाळल्यासारखं झालं, पण त्याचा चेहरा खुलला होता. एवढाच ना, म्हणाला, आज झोप लागंल. साहेबांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते इथे छापण्याजोगं नाही, पण नोकरी राहिली. माझी दुसरी तार उशिरा गेली असती, तर ती राहिली नसती.

पुढे नोकरीभर मी संशय पुष्कळ घेतले, आणि त्यातले बरेच चुकले. पण चुकला असं दिसलं, की त्याच दिवशी स्टेशन डायरीत तसं लिहून माणसाला घरी पाठवलं. चूक एक रात्र मुक्कामाला राहिली, की सकाळी ती अब्रूचा प्रश्न होऊन बसते, आणि मग निरपराध माणूस कोठडीत सडतो.

दोन-चार वर्षांनी सापगावात भात भरडायचं यंत्र सुरू झालं. पैसा शेअरचा की भाताचा, मी विचारलं नाही. पहिल्या दिवशीचा तांदूळ आत्याने ठाण्यात पाठवला, निरोपासकट: "फौजदारांना सांगा, म्हातारी अजून उभी हाय."